डच खेडेगावातले कापडवाले थेट रशियात कसे काय पोचले?

गिरगावकर_निखिल: मंडळी एक शंका आहे, हॉलंडमधे जर्मनीच्या बाजूला फ्रीझनफेन म्हणून एक गाव आहे, तिथली माणसं म्हणे झारच्या काळात सेंट पीटर्सबर्गला दुकानं थाटून बसली होती. अ‍ॅमस्टरडॅमचे शेठ गेले असते तर समजू शकतो, पण हे शेतकरी विणकर लोक, ना बंदर ना समुद्र, यांना कोणी बोलावलं??

चहा_बिस्कीट: सोप्पंय, रशियाचा झार पीटर द ग्रेट. १६९७ ला स्वतः हॉलंडला जाऊन जहाजं बांधायला शिकला, मग डच लोकांना घेऊन आला.

माटुंगा_मावशी: तेवढ्याने उत्तर होत नाही रे. पीटरला हवे होते जहाजवाले, खलाशी, इंजिनियर. कापडवाल्यांना कोण आमंत्रण देतंय, ते आपणहून गेले. जमीन दलदलीची, वाटण्या होऊन होऊन शेतं म्हणजे नुसत्या लांबच लांब पट्ट्या, त्यावर घर चालणार कसं, म्हणून त्या भागात घरोघरी लिननचे माग होते. आणि तिकडे १७०३ मधे वसवलेली नवी कोरी राजधानी, दरबारी लोक, चांगलं कापड मागणारं गिऱ्हाईक. १८ व्या शतकात काहीजण माल घेऊन गेले, जर्मनीतल्या ल्युबेक बंदरापर्यंत रस्त्याने आणि पुढे बाल्टिकमधून बोटीने. एकदा एकाचं बस्तान बसलं की तो भाच्याला पुतण्याला बोलावणार, पोरगा आधी दुकानात नोकर, मग भागीदार, मग स्वतःचं दुकान. गावातच लग्नं, गावचीच बोली. सेंट पीटर्सबर्गच्या मुख्य रस्त्यावरच्या, नेव्हस्की प्रॉस्पेक्टवरच्या गोस्तिनी द्वोरमधे यांची दुकानं होती, म्हणजे आपलं मुळजी जेठा मार्केट समज, फक्त बर्फातलं. पुढे लिननबरोबर चहा, सिगार पण विकायला लागले. माझ्या मते झारबिर सोडा, हे सगळं मामा-काकांच्या जोरावर चाललं.

चहा_बिस्कीट: ओके मावशी, मान्य 🙏 पण मग रशियन झाले का ते?

माटुंगा_मावशी: अर्धेमुर्धे. पिढ्यानपिढ्या तिथे राहिले पण चर्च आपलं वेगळं, डच रिफॉर्म्ड म्हणजे प्रोटेस्टंट, नेव्हस्कीवरच, इमारत १८३० च्या दशकातली. पैसा झाला की बरेचजण गावी परत, गावात त्यांना रशियावाले म्हणायचे. १९१७ ला क्रांती झाली आणि दुकानं, बँकेतला पैसा सगळंच गेलं, चर्चची सोव्हिएत काळात लायब्ररी झाली. गावच्या म्युझियममधे त्यांच्या वस्तू ठेवल्यात.

खारदांडा: यात आपलेही होते की, म्हणजे मराठी नाही पण हिंदुस्थानी. रशियात व्होल्गा नदीच्या तोंडाशी आस्त्राखानला १७ व्या शतकापासून मुलतानी वगैरे व्यापाऱ्यांची स्वतःची सराई होती, कापड आणि सावकारी. पण ते बहुतेक एकटेच जायचे, बायका नेत नसत, त्यामुळे काहींनी तिथल्या तातार बायकांशी संसार केले आणि त्यांची मुलं तातारांतच मिसळली. फ्रीझनफेनवाल्यांनी गावच सोबत नेलं म्हणून ते वेगळे राहू शकले, असं आपलं मला वाटतं.

गिरगावकर_निखिल: वा, आस्त्राखानचं माहीतच नव्हतं. खारदांडा, यावर नवीन धागा काढा ना प्लीज.