काचेला चिकटलेले जुने फोटो कसे वाचवायचे?

पेंचकाठ
घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. समोरच्या खोलीत आजा-आजीचे १९६० च्या आसपासचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो फ्रेममध्ये टांगलेले आहेत. दोन फोटो आतून काचेला चिकटलेत, तिथे ओल्यासारखा चमकदार डाग दिसतो. लग्नांचे रंगीत फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. काच काढून फोटो सोडवू का? स्कॅनर तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडेच आहे. नातवंडांपर्यंत टिकतील असं काहीतरी सांगा जी.

रीळवाला
काच ओढू नका! फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगून मऊ होतो, काचेला टेकतो आणि वाळताना तिथेच धरून बसतो. ओढलं की कागद हातात येतो, चेहरा काचेवर राहतो. पाण्यात भिजवून सोडवण्याचा सल्ला कोणी देईल. गाल-ओठ स्टुडिओत हाताने रंगवलेले असतील तर रंगच वाहून जाईल. चिकटलेला फोटो काचेसकट ठेवा आणि त्याची प्रत काढा.

ओलीचं म्हणाल तर आपल्याकडे पावसाळा एकटाच दोषी नाही. मार्च-एप्रिलपासून कूलर लागतो आणि बंद खोलीत दमट हवा भरते. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी धरते. कूलरच्या खोलीतून फ्रेमा आधी हलवा. बाहेरच्या भिंतीला टांगू नका. मागे चारही कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. फ्रेमच्या आत जुना पेपर भरलेला असेल तर काढा, त्याच्या आम्लाने फोटो पिवळा पडतो. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट हवीच.

उजेड_सावली
प्रतीबद्दल. स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), पासपोर्ट फोटोला १२००, फाइल टिफ प्रकारची, त्यात बारकावे जात नाहीत. झेरॉक्सवाले सवयीने २०० वर स्कॅन करून पीडीएफ देतात, म्हणून आधीच सांगा. काचेतला फोटो मोबाइलने काढा: सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडू न देता, फ्लॅश बंद. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते मोबाइलसमोर धरा, काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो बारीक होतो. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या गावच्या नातेवाइकाकडे, तिसरी क्लाउडवर. एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

चिकट अल्बमची पानं मोडू नका. आधी पानासकट स्कॅन. मग दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा. अडला की थांबा.

पेंचकाठ
खूप उपयोगी. फोटोंना दरवर्षी हळद-कुंकू लावतो, हार घालतो. पेटीत कडुनिंबाचा पाला आणि डांबर गोळ्या टाकल्या तर चालेल?

रीळवाला
कुंकू काचेवर कोरडं लावा. ओलं ओघळून खालच्या पट्टीत मुरतं आणि फोटोची कड तिथूनच कुजते. ताजा हार फ्रेमच्या माथ्यावर न घालता समोर पाटावर ठेवा.

पाला धान्यात ठीक, फोटोंत नको: ओला पाला पाणी सोडतो, वाळलेल्याचा चुरा कसरीला (कागद खाणाऱ्या चंदेरी किडीला) खाद्य. डांबर गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कसरीला ओलसर अंधार, खळ आणि जिलेटिन आवडतं. कोरडेपणा हाच तिच्यावरचा खरा इलाज.

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हवा बेताची असते, तेव्हा पेटी भरा. मे महिन्यात वळलेला फोटो जबरदस्तीने सरळ केला तर तडे जातात. घट्ट झाकणाचा डबा, दहा लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) कापडी पुरचुंडीत. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजा. त्यात कोबाल्टचं विषारी रसायन असतं, म्हणून स्वयंपाकाचा तवा वापरू नका. पेटी विटांवर ठेवा आणि दर महिन्याला खालून वाळवी बघा.

उजेड_सावली
एक राहिलं. नावं आजच लिहून घ्या, ज्यांना चेहरे ओळखता येतात त्यांच्याजवळ बसून. बॉलपेन नको, शाई पलीकडे उतरते. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर, कडेला, ४बी पेन्सिलने हलकेच लिहा. रंगीत फोटोच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, त्यासाठी कागदी पाकीट करा: आधी पाकिटावर नाव, नातं, गाव, साल लिहा, मगच फोटो आत सरकवा. उलट केलं तर लिहिताना पडलेला दाब चेहऱ्यावर उमटतो.