मदत हवी आहे: ईव्हीचं नेट सारखं गुल होतंय, सर्व्हिसवाले म्हणतात 'तुमच्या भागात रेंजच नाही'

बालाघाट_खिंड
मंडळी, डोकं उठलंय. इलेक्ट्रिक गाडीतलं नेट सारखं जातंय. स्क्रीनच्या कोपऱ्यात टॉवरचे दांडे एक, नाहीतर शून्य. मॅप अडकतो, गाणी अडकतात. मोबाइलच्या ॲपवरून एसी लावायला गेलं की गोल गोल फिरतं आणि शेवटी 'वाहनाशी संपर्क होऊ शकला नाही'. आईला दर पंधरा दिवसांनी संभाजीनगरला तपासणीला न्यावं लागतं. उन्हात गाडी आधीच गार करून ठेवता येते म्हणून तर ही घेतली. परवा ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली आणि मी ओट्यावर उभा राहून दहा मिनिटं ॲप दाबतोय. शेवटी म्हणाली, "जाऊन लाव की हातानं, चार पावलं तर हायेत."

सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर टाकलं आणि रेंजचं कारण सांगून परत दिली. शनिवारी परत जायचंय. पक्का उपाय माहीत असेल तर सांगा. फालतू चर्चा नको.

मोंढा_नाका
कोणती गाडी, किती जुनी, गाव कोणतं, कधीपासून होतंय? इथं कुणी कुडमुड्या ज्योतिषी नाही.

बालाघाट_खिंड
मॉडेल व्यनि (खासगी निरोप) केलंय. इथं लिहिलं की कंपन्यांची भांडणं सुरू होतात. दीड वर्ष जुनी. अंबाजोगाई.

सुतळीबाँब
सोपं आहे. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, गाडीचं वायफाय त्याला जोडा, विषय संपला. मी दोन वर्षं गाडीचं नेट वापरलेलंच नाही. आयफोन असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. काही गाड्यांना २.४ गिगाहर्ट्झच लागतं, त्याशिवाय हॉटस्पॉट दिसतच नाही.

लातूर_पॅटर्न
हॉटस्पॉटनं ॲपवरचा एसी कसा लागणार? फोन यांच्या खिशात, हे ओट्यावर, गाडी लांब. तेव्हा गाडीला नेट कोण देणार? रिमोटची सगळी कामं टीसीयू करतो. टीसीयू म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा टेलिमॅटिक्सचा डबा. त्यात स्वतःचं ई-सिम असतं, तुमच्या फोनशी त्याचं काही देणंघेणं नाही. मला विचाराल तर गाडीच्या नेटचं सबस्क्रिप्शन संपलंय. गाडी सेकंडहँड असेल तर ई-सिमची केवायसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली असेल. माझ्या मेहुण्याचं हेच झालं होतं.

बालाघाट_खिंड
पहिला मालक मीच. सबस्क्रिप्शन अजून दीड वर्ष आहे. आणि संपलं असतं तर कायमचं बंद पडलं असतं ना? हे येतं-जातं. अंबाजोगाईत, बीडमध्ये थोडंफार चालतं. मांजरसुंब्याच्या घाटात जातं, आणि बीड सोडलं की परत गेलं, ते कधी कधी गेवराईपर्यंत येत नाही.

डिझेलच_बरं
म्हणून म्हणतो, गाडीला चार चाकं आणि एक इंजिन पुरे. नेट कशाला पाहिजे? माझी बारा वर्षांची जीप कधी म्हणाली नाही की रेंज नाही.

मोंढा_नाका
तुमच्या जीपला रेंज नाही, ॲव्हरेजही नाही. पुढे.

टॉवरवाला
बीड-धाराशिव पट्ट्यात आठ वर्षं टॉवरच्या मेंटेनन्सला होतो. सर्व्हिसवाले अर्धं खरं सांगतायत. मांजरसुंब्याचा घाट म्हणजे बालाघाटाचा काठ. रस्ता डोंगराच्या कुशीतून उतरतो आणि टॉवर पलीकडं राहतो. तिथं दोन-चार मिनिटं नेट जाणारच. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, आडोशालाही जरा वळतो. २३०० वाला जवळच संपतो. खेड्यातल्या टॉवरची दुसरी रड लाइटची. लाइट गेली की तो बॅटरीवर चालतो. बॅटरी बसली आणि जनरेटरचं डिझेल वेळेवर पोचलं नाही की टॉवर मेला. म्हणून रात्री फुल्ल दांडे आणि पहाटे शून्य, असंही होतं. पण गेवराईपर्यंत नाही म्हणजे जास्तच झालं, तो हायवे आहे. गाडीत सिम कोणत्या कंपनीचं? त्याच कंपनीचा फोन शेजारी ठेवून बघा.

बालाघाट_खिंड
कोणत्या कंपनीचं ते कळेल तर ना! सर्व्हिसवाल्याला विचारलं तर म्हणाला, "इनबिल्ट आहे सर." माझ्या फोनला मात्र घाट सोडला तर सगळीकडं रेंज असते. आईच्या फोनलाही, तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे.

लातूर_पॅटर्न
गाडीच्या माहितीच्या पानावर किंवा कागदपत्रांत १३ आकडी नंबर शोधा. यंत्रातल्या सिमला १३ आकडी नंबर असतो, २०१८ पासूनचा नियम आहे. मात्र ते तुम्हाला पोर्ट करता येत नाही, तो गाडी कंपनी आणि मोबाइल कंपनी यांच्यातला व्यवहार.

वायरमन_जालना
घरी चार्जिंगला अर्थिंग कसं केलंय? आपल्याकडं काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो आणि गाडी चार्जिंग घेत नाही, एरर देते. मीठ-कोळसा घालून खड्डा नीट भरा आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाका. निम्मे लोक गाडीला शिव्या देतात, चूक खड्ड्याची असते.

बालाघाट_खिंड
दादा, चार्जिंग होतंय. नेटचं विचारलंय.

वायरमन_जालना
आज होतंय. मेमध्ये बघा.

सुतळीबाँब
बरं, हॉटस्पॉट नको तर बोनेट उघडा, बारा व्होल्टच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. टीसीयू नव्यानं चालू होतो. माझ्याकडं चालला.

गॅरेज_काका
असलं काहीबाही सांगू नका लोकांना. काही गाड्यांत बारा व्होल्ट गेला की कुलपं, काचा अडकतात, मग दार उघडायला मेकॅनिक बोलवावा लागतो. आणि बोनेटखाली केशरी केबल दिसली तर हात मागं, ती हाय व्होल्टेजची असते. स्क्रीन रीस्टार्ट करायची तर तिचं बटण दाबून धरायचं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण दोनदा सॉफ्टवेअर टाकलंय म्हणजे रीस्टार्ट दोनदा झालेलाच आहे. त्यानं काही होणार नाही.

धागाकर्ते, 'मॅप अडकतो' म्हणजे नेमकं काय होतं? रस्ते उमटत नाहीत, पडदा करडा राहतो पण बाण पुढं सरकतो? की बाणच चुकतो?

सुतळीबाँब
काका, मी स्वतः केलंय म्हणून सांगितलं. पुस्तक वाचून नाही.

गॅरेज_काका
तुमची कुलपं चांगली आहेत, देवाची कृपा.

बालाघाट_खिंड
दोन्ही होतं. परवा पाचोडच्या अलीकडं आम्ही हायवेवर आणि बाण मोसंबीच्या बागेतून चाललेला. मधेच जागेवर गरगर फिरतो. आई म्हणाली, "ही बाई आपल्याला शेतात न्यायलीय."

अजून एक. नेट नसताना वाटेत चार्जरवर गाडी लावली तर चार्जिंग होईल का? शनिवारी तेच टेन्शन आहे.

लातूर_पॅटर्न
होईल. गाडी आणि चार्जर केबलमधूनच बोलतात, त्याला गाडीचं नेट लागत नाही. नेट लागतं ते चार्जरला, तुमचे पैसे आणि खातं तपासायला. त्याच्या पोटात त्याचं वेगळं सिम. चार्जरच ऑफलाइन असेल तर ॲपवरून सुरू होत नाही. कधी कधी त्याच कंपनीचं आरएफआयडी कार्ड टेकवलं की चालतो, म्हणून कार्ड काढून ठेवा. आणि निघायच्या आधी तो चार्जर ऑनलाइन दिसतोय का ते फोनवर बघा.

डिझेलच_बरं
म्हणजे एका गाडीला तीन सिम लागतात. फोनचं, गाडीचं, चार्जरचं. छान.

गॅरेज_काका
बाणाचं सांगितलंत ते बरं केलंत. पहिलं वर्ष सगळं ठीक चालायचं का? कधीपासून बिघडलं? त्या सुमारास गाडीचं काही काम केलं होतं का? काच बदलली, फिल्म लावली, डॅशकॅम बसवला, अपघात?

बालाघाट_खिंड
मार्चपर्यंत झक्कास होतं. अपघात नाही. फिल्म नाही, डॅशकॅम नाही. काही काम केलेलं नाही.

मोंढा_नाका
काच, फिल्म... मला वाटतं धातूचा थर असलेली फिल्मच असेल. तिनं जीपीएस मरतो.

बालाघाट_खिंड
फिल्म नाही म्हणून आत्ताच लिहिलंय. वाचता का?

टॉवरवाला
गाडी घरी कुठं लावता?

बालाघाट_खिंड
पत्र्याच्या शेडमध्ये. तिन्ही बाजूंनी पत्रा. पण शेड आधीपासून आहे आणि घाटात शेड नसतं.

टॉवरवाला
पत्रा हाही एक रोग आहेच.

बालाघाट_खिंड
हां, मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा टपावर वीस-पंचवीस खड्डे पडले होते. लिंबाएवढ्या गारा, शेडच्या बाहेर उभी होती. इन्शुरन्समधून काढून घेतले. त्याचा नेटशी काय संबंध?

गॅरेज_काका
अहो, तोच संबंध! हे पहिल्याच ओळीत लिहायचं सोडून तुम्ही आईची पिशवी लिहिली.

नीट वाचा. टपाचे खड्डे आतून ढकलून काढतात. त्यासाठी छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं. तुमच्या मॉडेलला मागं टपावर माशाच्या परासारखा अँटेना आहे. त्याच्याखाली मोबाइल नेटची आणि जीपीएसची अशा वेगवेगळ्या बारीक केबल येतात, टोकाला रंगीत प्लास्टिकचे कनेक्टर, त्यांना फाकरा म्हणतात. निळा बहुधा जीपीएसचा असतो. बसवताना 'टक' असा आवाज यायला पाहिजे. तो न येता नुसता ढकलून ठेवला की काम अर्धवट चालतं. गावात टॉवर जवळ असतो, तेव्हा लोंबत्या तारेलाही थोडा सिग्नल मिळतो. टॉवर लांब गेला की संपलं. तुमचं बीडमध्ये चालतं आणि गेवराईला नाही, ते यामुळं.

आता बाण. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. त्यांना अंबाजोगाई काय नि मुंबई काय, दोन्ही सारखीच. टॉवर नसला तर नेट जाईल, रस्ते उमटणार नाहीत, पण बाण मोसंबीत शिरणार नाही. नेट आणि बाण एकाच महिन्यात बिघडले म्हणजे दोघांचं घर एक, टपावरचा पर. सर्व्हिसवाल्याला सांगा, सॉफ्टवेअर नको, मागचं अस्तर उतरवून कनेक्टर दाखव. जाण्याआधी उघड्या मैदानात गाडी लावून स्क्रीनचे दांडे आणि शेजारी फोनचे दांडे, असा एकाच फ्रेममध्ये फोटो काढा. कुणी 'रेंज नाही' म्हटलं की तो दाखवा.

लातूर_पॅटर्न
+१. तरी सबस्क्रिप्शन एकदा तपासा.

टॉवरवाला
काकांचं पटलं. पण घाटात जाणारच, लिहून देतो.

एक_शंका
माझ्या गाडीत नेट आहे पण गाण्यांचा आवाज मधेच बारीक होतो. हा पण अँटेनाच का?

मोंढा_नाका
नवीन धागा काढा.

बालाघाट_खिंड
अपडेट. सोमवारी झालं. ज्यांनी खड्डे काढले त्यांच्याकडं नाही, सर्व्हिस सेंटरलाच नेली. आधी परत सॉफ्टवेअरच म्हणत होते. फोटो दाखवला तेव्हा एक पोरगा टॉर्च घेऊन मागं चढला. अस्तर वीतभर खाली ओढलं आणि मला बोलावून दाखवलं. एक कनेक्टर नुसता टेकवलेला, बोट लागलं तसा निसटला. निळा बसलेला दिसत होता, पण त्याची कडी तुटलेली, वरून काळी टेप. पहिला दाबला तसा 'टक' वाजला. काका, अगदी तुम्ही लिहिला तसा. निळ्याची केबल दोन दिवसांनी बदलून दिली. सोमवारचं काम पंधरा मिनिटांचं, बसलो चार तास.

आता अंबाजोगाईत चार दांडे. काल संभाजीनगरला जाऊन आलो. घाटात गेलं, पालीजवळ आपोआप आलं. बाण रस्त्यावरच होता. शेडमध्ये मात्र ॲप अजून अडकतंच. गाडीचं दार एकदा उघडलं की मग लागतं.

गॅरेज_काका
ते दोन वेगळे प्रकार आहेत. पत्रा सिग्नल अडवतो. शिवाय गाडी बराच वेळ नुसती उभी राहिली की बारा व्होल्टची बॅटरी वाचवायला टीसीयू झोपतो, दार उघडलं की जागा होतो. आईसाठी सोपं सांगतो. आदल्या रात्री गाडीच्या स्क्रीनवरच एसीची वेळ लावून ठेवता येते का बघा. व्यनित दिलेल्या मॉडेलला येते. त्याला नेट लागत नाही, गाडीचं घड्याळच काम करतं.

टॉवरवाला
घाटात गेलंच ना?

बालाघाट_खिंड
गेलं बाबा, गेलं. काका, वेळ लावून बघितली, आज सकाळी ९ ला एसी आपोआप चालू झाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग इतके दिवस त्या फोनला कामून धरून बसला होतास?" धन्यवाद सगळ्यांना. मोंढा_नाका यांनाही.

वायरमन_जालना
अर्थिंगला पाणी टाकलं का?

बालाघाट_खिंड
टाकलं. दोन बादल्या.