वानरानं लेकराला ओरबाडलं, इंजेक्शन घ्यावंच लागंल का?

लेकराचा बाप, केज
काल दुपारी तुरीच्या वावरात वानरांची टोळी घुसली. माझा नऊ वर्षांचा मुलगा बांधावर जेवत होता. भाकरीचं फडकं ओढताना एका वानरानं त्याच्या मनगटावर ओरबाडलं. तीन ओरखडे, मधल्यातून रक्त आलं. आईनं हळद-चुना भरला. ती म्हणते, मारुतीरायाचं वानर, त्याच्यानं काही होत नसतं. भाचा म्हणतो, एड्स माकडापासूनच आला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

निवृत्त सिस्टर, परळी
दादा, आधी तो हळद-चुना धुऊन काढा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली, घड्याळात बघून १५ मिनिटं. लेकरू रडलं तरी हात सोडू नका. काल झालं म्हणून आज धुण्यात अर्थ नाही, असं समजू नका.

मग तडक दवाखाना. त्या वानराला कधी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का, हे तुम्हाला-मला कुठून कळणार? रक्त आलंय, म्हणजे रेबीजची लस तर हवीच, शिवाय जखमेत सिरमही, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारं औषध, भरावं लागतं. लहान दवाखान्यात सिरम असेलच असं नाही. तुम्हाला अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज जवळ आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली. आता दंडात देतात: आज, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. एकही चुकवू नका.

माझ्या नोकरीत एक लेकरू उशिरा आलं होतं. पाण्याचा तांब्या पुढं केला तसं ते भिंतीकडं सरकलं. बाप माझ्याकडं बघत राहिला. लक्षणं दिसल्यावर हातात जवळपास काहीच उरत नाही, म्हणून इतकं तळमळून लिहितेय.

विषाणूशास्त्राची विद्यार्थिनी, मूळ गाव औसा
एड्सची भीती मनातून काढा. एचआयव्हीचा मुख्य प्रकार आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून आला, बहुधा शिकारीचं मांस कापताना रक्ताशी रक्त लागून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्या रानातल्या वानर-माकडांत तो विषाणू नसतो.

लाल तोंडाच्या माकडाची गोष्ट वेगळी. त्यांच्यात बी-व्हायरस असतो. १९३२ साली अमेरिकेत माकड चावलेला एक संशोधक डॉक्टर त्यानंच गेला. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला तर मेंदूवर जातो. तुमचं काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर असेल, तर ती काळजी नाही. कोणतं होतं ते डॉक्टरांना नक्की सांगा.

गावकरी, भूम
आमच्याकडं वानर मेलं की तिरडी बांधतात, भजन होतं. पोरं उघड्या हातानं उचलतात. ते चालतं का ताई?

विषाणूशास्त्राची विद्यार्थिनी, मूळ गाव औसा
भजन करा, पण हात लावू नका. आधी वनखात्याला कळवा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, त्यातूनच क्यासनूरचा ताप सापडला. तो गोचिडातून पसरतो, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड माणसावर चढतात. आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला तो आहे.

लेकराचा बाप, केज
आत्ता अंबाजोगाईहून आलो. वानर काळ्या तोंडाचंच होतं. सिरम भरताना पोरगं लई ओरडलं, आईनंच त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं. पुढची सुई शुक्रवारी. तिनं कॅलेंडरवर तिन्ही तारखांना कुंकवाची बोटं लावून ठेवलीत.