केस फीडरमधून पितळी कप उलटे पडताहेत, तबकडी कशी सेट करायची?

उद्यमनगरी:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. सेन्सर बनवणाऱ्या एका पार्टीला पितळी कवचं क्रिम्प करून (कड दाबून आवळून) देतो. कप डीप ड्रॉचे, म्हणजे पत्रा डायमध्ये खोल दाबून केलेले, तयार येतात. बाहेरून १० मिमी, लांबी २२, एक तोंड उघडं, बूड बंद. आधी मावशी एकेक कप हातानं डायमध्ये ठेवायच्या. न्यूमॅटिक प्रेसखाली दिवसभर बोटं घालणं काही बरं न्हवं, म्हणून कप आपोआप एकेक करून सोडणारा फीडर बनवायचं डोक्यात घेतलं.

अमेरिकेत हौशी नेमबाज घरी काडतुसं पुन्हा भरतात. त्यांच्या डिलन कंपनीसारख्या प्रेसवर वर एक तिरका हॉपर असतो, त्यात खाचा पाडलेली तबकडी फिरते आणि रिकाम्या केसा (काडतुसाची पितळी कवचं) नळीतून बूड खाली ठेवून उतरतात. ९ मिमीची केस १९.१५ लांब, आमचा कप साधारण त्याच मापाचा. व्हिडिओ बघून तसलाच फीडर बनवला. तबकडीला २० खाचा, खाचेचा सेंटर मधल्या शाफ्टपासून १२० मिमीवर, १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला ८ फेरे.

पहिल्या लॉटला नाद खुळा चालला. आता नवीन माल आलाय तसं दर पन्नासात दोनतीन कप तोंड खाली करून पडतात आणि पंच बुडावर बसून जॉब चेपतो. मोटर आणि तबकडीमधला घसरता क्लच घट्ट करून बघितला, हॉपर जास्त तिरका केला, काही उपयोग नाही. हे सेट करायची काही पद्धत असते का, की नुसतं हलवत बसायचं?

शिरोलीकर:
भावा, व्हायब्रेटरी बाऊल (थरथरून माल ट्रॅकवर चढवणारं भांडं) लाव आणि मोकळा हो. आमच्याकडं शिरोलीत वॉशर आणि बुश त्यावरच चालतात. कंट्रोलरवर ५० आणि १०० हर्ट्झ असं दोन्ही असतं, तुझ्या कपाला ५० वर हळू आणि मोठा झटका बरा पडेल. उलटा आलेला कप ट्रॅकवरच ढकलून परत बाऊलमध्ये पाडता येतो. आवाज मात्र होतो, शेजारचा कारखानदार येऊन बोलून जाईल.

रंकाळा_चौपाटी:
काडतुसाचा फीडर म्हणून वाचलं आणि दचकलो की ओ! लायसनशिवाय काडतुसं बनवणं हा आर्म्स अॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, कुणी हे वाचून भलतं डोक्यात घेऊ नका. कप भरा, काडतुसं नको.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ मारलं, त्या ५० मीटर रायफलची केस कुठल्याच फीडरला लागत नाही. ती .२२ रिमफायर. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि फायरिंग पिननं ती कड चेपली की केस बाद. पुन्हा भरतात त्या सेंटरफायर, त्यांचा मसाला बुडाच्या मधोमध असतो.

फिटरकाका:
बाऊलचा खर्च करू नकोस. तुझ्या तबकडीत खोट दिसत नाही, मला वाटतंय माल बदललाय. टूलरूममध्ये हाडं झिजवली आहेत म्हणून सांगतो, क्लच आणि तिरकेपणा याला हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते. नवीन पोरं पहिला नट तोच फिरवतात.

कप उलटा का पडतो ते आधी बघ. खाचेत तो आडवा झोपून येतो. खाली खिडकी आहे, आणि खिडकीच्या काठापासून थोडं पुढं एक आडवी पट्टी असणार. बूड पुढं असलेल्या कपाचा तोल काठाच्या पलीकडं गेला की बूड खाली जातं, काम झालं. तोंड पुढं असेल तर तोल काठावर यायच्या आत तोंड पट्टीवर टेकलं पाहिजे. मग तो पुलासारखा दोन्हीकडं टेकून पुढं जातो आणि मागचं बूड काठावरून सुटलं की तेच खाली पडतं. दोन्ही तऱ्हेनं बूडच खाली. म्हणजे काठ ते पट्टी हे अंतर बुडापासून तोलापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त पाहिजे, आणि तोंडापासून तोलापर्यंतच्या अंतरापेक्षा कमी. सगळी गोम या एका मापात आहे.

आता हे कर. हॅक्सॉ ब्लेड व्हाइसमध्ये पाठ वर करून धर आणि कप आडवा तोलून बघ. जिथं थांबतो तिथं मार्करनं रेघ मार, बुडापासून व्हर्निअर लाव. जुन्या लॉटमधला एक आणि नवीन लॉटमधला एक, दोन्ही. बुडाची जाडी पण बघ. आणि मोबाईलवर स्लो मोशन लावून खिडकीचं शूटिंग घे. उलटे पडणारे कप येताना बूड पुढं ठेवून येतात का तोंड, ते मला पाहिजे.

उद्यमनगरी:
काका, मोजलं. जुना कप बुडापासून ९ मिमीवर तोलतो, नवीन ९.६ वर. जुन्याचं बूड १.२ जाड, नव्याचं ०.८. भिंत दोन्हीची ०.५ च आहे. माल देणाऱ्याला फोन केला तर म्हणतो ड्रॉइंगमध्ये बुडाची जाडी लिहिलेलीच नाही! काठ ते पट्टी ११ मिमी आहे.

व्हिडिओत उलटे पडणारे सगळे बूड पुढं ठेवून येणारेच आहेत. बूड जरा खाली वाकतं, पट्टीच्या कोपऱ्याला टक करून आपटतं, कप उडतो आणि मागचं तोंड आधी खाली जातं. तोंड पुढं असणारे एकदम गुमान पडतात.

फिटरकाका:
झालं तर मग. आता हिशेब कर. १२० मिमीवर ८ फेरे म्हणजे खाच सेकंदाला १०० मिमी पळते. जुन्या कपाचं बूड वाकायला सुरुवात झाली की पट्टी २ मिमी लांब, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग हातात. नव्या कपाला राहिले १.४ मिमी, सत्तरावा भाग. तेवढ्यात बूड पट्टीच्या खाली पोचत नाही आणि आपटतं.

दोन कामं कर. मोटर हळू कर. तुझी प्रेस मिनिटाला किती जॉब काढते? पंचवीस, तीस? २० खाचा गुणिले ८ म्हणजे तू मिनिटाला १६० कप ओततोयस, कशाला? २ फेऱ्यांवर आण. निम्म्या खाचा रिकाम्या येतील असं धरू नकोस, पण चाळीसपैकी थोड्या रिकाम्या आल्या तरी प्रेसला पुरतं. वेग सेकंदाला २५ मिमी झाला की त्याच १.४ मिमीला सेकंदाचा अठरावा भाग मिळतो. पीडब्ल्यूएमचा (करंट झटपट चालू-बंद करून वेग कमी करणारा) छोटा रेग्युलेटर लाव, रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज पाडू नकोस. लोड आला की मोटर दम सोडेल.

दुसरं, पट्टीची भोकं स्लॉट (लांबट) करून घे आणि पट्टी ११ वरून साडेअकरावर सरकव. बूड पुढं असणाऱ्याला पडायला जागा १.९ झाली. तोंड पुढं असणाऱ्याचा तोल तोंडापासून १२.४ वर आहे, म्हणजे त्याला अजून ०.९ शिल्लक. तिथं वेळेचा प्रश्न नाही, नुसतं टेकायचं असतं, त्यामुळं पाऊण-एक मिमी चालतो. बरोबर मध्ये पट्टी ठेवायची सवय सगळ्यांना असते, पण दोन बाजूंची गरज सारखी नाही. पट्टीच्या कोपऱ्याला अर्धा मिमीची गोलाई पण मार.

उद्यमनगरी:
काका, रेग्युलेटर लावला, पट्टी सरकवली. कालपासून उलटा कप नळीत दिसला नाही. आता वेगळंच लागलंय. नळी भरली की मोटर बंद व्हायला लिव्हरवाला मायक्रोस्विच लावलाय, त्याच्या लिव्हरवरच कप अडकून बसतो. बोट लावलं की सुटतो.

शिरोलीकर:
प्रॉक्सिमिटी सेन्सर लाव की भावा, एम८ चा, धातू जवळ आला की न शिवता ओळखतो. लिव्हरची भानगडच नाही.

फिटरकाका:
शिरोलीकर, पितळ आहे ते, लोखंड न्हवं. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटीची जी रेंज लिहिलेली असते ती लोखंडाची. पितळेला ती निम्म्याच्याही खाली येते. २ मिमीचा सेन्सर जेमतेम पाऊण मिमीवरनं बघणार आणि मध्ये नळीची भिंत. जमत नाही.

एकटा कप तीन-साडेतीन ग्रॅमचा, तो लिव्हर दाबणार कसा? वरून आठ-दहा कपांचं वजन आलं तरच दाबतो. नळी पारदर्शक असेल तर समोरासमोरचा फोटो सेन्सर लाव आणि टायमरला अर्धा सेकंद दे. खाली पडणारा कप झटक्यात निघून जातो, त्यानं मोटर थांबत नाही. कप अर्धा सेकंद समोर उभा राहिला म्हणजे नळी भरली. सेन्सर हॉपरच्या तोंडापासून चार-पाच कप खाली बसव, मोटर थांबेपर्यंत एखादा जास्तीचा पडतोच.

आणि आता क्लच. तबकडी हातानं धरली तर थांबली पाहिजे, सोडली की चालू. इतकाच घट्ट. तू आवळून ठेवला असशील तर ढिला कर, नाहीतर तबकडी अडकलेल्या कपाला कापून टाकेल. फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तबकडीखालचा गॅप बघ, ०.३ च्या वर नको. कपाची भिंत ०.५ ची आहे, तिची कड खाली घुसली की पाचर बसते.

उद्यमनगरी:
गॅप एका बाजूला ०.६ निघाला काका! शिम (पातळ पत्रा) टाकतो. अजून एक, कप एकमेकांना चिकटून येतात, ड्रॉइंगचं तेल आहे बहुतेक. केरोसीननं धुवू का?

शिरोलीकर:
केरोसीननं धुतलंस तरी वास आणि चिकटपणा राहतोच. मक्याच्या कणसाचा भुगा आण, ड्रममध्ये कपाबरोबर फिरव. काडतुसवाले पण केसा त्यातच साफ करतात. भुगा तोंडात अडकून राहतो, चाळून घे. पावसाळ्यात भुगा ओला लागला तर आधी ऊन दाखव.

फिटरकाका:
आणि हॉपर तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नका. माल देणाऱ्याला ड्रॉइंगवर बुडाची जाडी १.२ आणि टॉलरन्स लिहून पाठव, तोंडी नको.