साधा बॅगेट की त्रादिस्यों? आणि संध्याकाळी वातड होतो त्याचं काय करायचं?

क्रोआरूसकर:
फ्रान्समध्ये ल्योंला राहायला आल्यापासून घराखालच्या बुलांजेरीची, म्हणजे पावाच्या भट्टीवजा दुकानाची, चटक लागली आहे. तिथे दोन लांब पाव शेजारीशेजारी उभे असतात. एक साधा बॅगेट, दुसरा त्रादिस्यों: टोकं निमुळती, वर पीठ भुरभुरलेलं, पंचवीसेक सेंटने महाग. चव वेगळी लागते हे खरं, पण तो नुसता नावाचा भाव तर नाही ना? दुसरं म्हणजे, सकाळी कुडुमकुडुम वाजणारा पाव रात्रीच्या जेवणाला वातड होतो. बायको म्हणते फ्रिजमध्ये ठेवू.

पिठाळ_हात:
फ्रिजचा विचार आधी डोक्यातून काढा! थंडीत पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो, म्हणजे पाव बाहेरपेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो. प्लास्टिकची पिशवीही नको, तिच्यात ओल कोंडते आणि वरचं कवच मऊ पडतं. कागदी पिशवीच बरी. उरणारच असेल तर सकाळीच तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका.

आता नावाचं. मी इथल्या एका भट्टीवर पहाटेची पाळी केली आहे, म्हणून थोडं सांगतो. त्रादिस्यों हे नाव कायद्याने बांधलेलं आहे, १३ सप्टेंबर १९९३ च्या आदेशाने. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. बाकल्याचं (एका प्रकारच्या शेंगेच्या दाण्यांचं) पीठ २ टक्क्यांपर्यंत चालतं, अशा एकदोन किरकोळ सवलती आहेत. पण अ‍ॅडिटिव्ह नाहीत, आणि कणीक कुठल्याच टप्प्यावर गोठवायची नाही. साध्या बॅगेटला एवढी बंधनं नाहीत.

अर्थात कायदा चव देत नाही. आमच्याकडे कणीक कमी मळायची आणि निवांत फुगू द्यायची, वास तिथे येतो. मोडून बघा: आतला भाग पिवळसर आणि भोकं लहानमोठी, वेडीवाकडी असतील तर मन लावून केलेला आहे. कापसासारखा पांढराशुभ्र, एकसारखा असेल तर पंचवीस सेंट वाचवा. आणि मागताना ‘बियां क्वीत’ म्हणा, म्हणजे खरपूस भाजलेला. बरेच लोक ‘पा त्रो क्वीत’, म्हणजे फार भाजलेला नको, म्हणत फिकट पाव नेतात. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

नांतची_काकू:
वातड झालेल्याला ओला हात फिरवायचा आणि २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं. लगेच खायचा मात्र, पुन्हा गार झाला की दगड. आणि टेबलावर पाव उलटा ठेवू नका. आमच्या शेजारच्या आजी न बोलता हात लांब करून सरळ करतात. जल्लादासाठी राखलेला पाव उलटा ठेवत, अशी गोष्ट सांगतात.

क्रोआरूसकर:
पिठाळ_हात, आज ‘बियां क्वीत’ म्हटलं. काउंटरमागच्या बाईंनी चारपाच पाव चाळून मागचा एक काढला. टोक घरी पोचलंच नाही, जिन्यातच संपलं. पण सोमवारी आमची बुलांजेरी बंद असते. तेव्हा सुपरमार्केटचा घ्यावा का?

पिठाळ_हात:
अहो, दोन गल्ल्या पलीकडची दुसरी बुलांजेरी बघा, तिची सुट्टी बहुतेक दुसऱ्या वारी असेल. दारावर कागद लावलेला असतो. पाटीवर ‘बुलांजेरी’ लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहा. १९९८ च्या कायद्याने मळणं, घडवणं, भाजणं विक्रीच्या जागीच करणाऱ्यालाच ती पाटी लावता येते.

नांतची_काकू:
आणि ऑगस्टमध्ये दोघंही सुट्टीवर गेले तर इथे पुन्हा धागा काढा.