२० गुंठे विकून धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला घालावं का?

फिटर_बार्शीकर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे पण घरात यातलं कळणारं कोणी नाय म्हणून इथं लिहितोय, जरा लांब होईल.

गाव बार्शी तालुक्यात. जमीन २ एकर ३० गुंठे, सगळी जिरायत, खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला ज्वारी. मी आयटीआय फिटर केलं, एक वर्ष अप्रेंटिस आणि आता ६ वर्षं झाली चाकणला एका कंपनीत आहे, अजून कॉन्ट्रॅक्टवरच, हातात २१ हजार येतात. धाकटा यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीला ७१ पर्सेंटाइल पडले. लहान बहीण दहावीला आहे. पुण्याच्या एका खासगी कॉलेजात धाकट्याला कॉम्प्युटर ब्रँच मिळंल म्हणतात. कॉलेजनं वर्षाची फी १ लाख २४ हजार सांगितली, होस्टेल मेस ७० हजार वेगळं. उत्पन्न ८ लाखाच्या आत आहे त्यामुळं शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी सुटंल, तरी चार वर्षांचा हिशोब मांडला तर साडेपाच लाखाच्या खाली काय येत नाय.

बाबा म्हणतात रस्त्याकडचे २० गुंठे काढू, गिऱ्हाईक दारात येऊन बसलंय. आई काहीच बोलत नाय, नुसती भाकरी थापत बसते.

माझी अडचण अशी की मी रोज दोन्ही बाजू बघतो. माझ्याच लाईनवर दोन बीई झालेली पोरं आहेत, माझ्याएवढ्याच पगारात. आणि दुसरीकडं मला ६ वर्षांत पुढं घेतलं नाय, कारण वरच्या जागेच्या फॉर्मवर डिप्लोमा किंवा डिग्री लिहिलेलं असतं. काम मी त्यांच्यापेक्षा बरं करतो हे सुपरवायझरला पण माहित आहे, पण कागद नाय तर नाय.

तर खरंच सांगा, एवढा पैसा आणि पोराची चार वर्षं घालून कॉलेजचा उपयोग होतो का? गोड बोलू नका, जे बघितलंय ते सांगा.

कर्ज_फेडलेला
भाऊ, मी २०१६ ला मेकॅनिकल बीई झालो, असल्याच एका खासगी कॉलेजातून, ४ लाखाचं एज्युकेशन लोन काढून. ४ लाखापर्यंत बँक तारण मागत नाही त्यामुळं घरच्यांना वाटलं सोपं आहे. पण हिशोब कोणी समजावून सांगितला नव्हता तो मी तुम्हाला मांडून दाखवतो.

दरवर्षी १ लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या लाखावर ५ वर्षांचं, दुसऱ्यावर ४, मग ३, मग २. सगळं मिळून १ लाख ४७ हजार नुसतं व्याज साठलं, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज ५ लाख ४७ हजार. सात वर्षांची फेड केली तर महिन्याला ९,२०० च्या आसपास. आणि माझा पहिला पगार होता १४ हजार, पिंपरीला कॉट बेसिसवर राहायचो, खोलीचे आणि मेसचे गेले की हप्त्याला पैसेच उरायचे नाहीत. पहिली दोन वर्षं निम्मा हप्ता वडिलांनी दूध घालून भरला. वडिलांनी वासरू विकलं तो दिवस मी विसरलो नाही.

आज माझं बरं चाललंय, डिझाईनमध्ये आहे, डिग्री नसती तर या टेबलावर बसलो नसतो हे पण तेवढंच खरं. पण ज्या कामावर मला नोकरी लागली ते थ्रीडी मॉडेलिंग मी नोकरी नसताना सहा महिने बाहेर क्लास लावून शिकलो, कॉलेजात त्या सॉफ्टवेअरच्या लॅबला कुलूप असायचं, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर मात्र सह्या पूर्ण.

जमीन विकण्यापेक्षा कर्ज बरं एवढं नक्की. कारण कर्ज फिटतं. पण कर्ज काढायचंच तर कॉलेज चालू असतानाच व्याज भरत राहा, महिन्याला हजार पंधराशे का होईना. आम्ही भरलं नाही तिथंच चुकलं.

भोसरी_जॉबवर्क
माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी, तीन सीएनसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, ११ माणसं. पोरं घ्यायला बसतो तेव्हा मी काय करतो सांगतो. टेबलावर एक टर्निंग केलेला शाफ्ट आणि व्हर्नियर ठेवतो आणि म्हणतो डायमीटर सांग. बास, एवढंच. मागच्या खेपेला सात पोरं आली, चार बीई, दोन डिप्लोमा, एक आयटीआय. बीईतल्या तिघांनी व्हर्नियर बरोबर धरलं पण रीडिंग चुकलं, लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला तर तो पाठ होता. आयटीआयच्या पोरानं काही न विचारता खिशातनं फडकं काढून आधी जॉब पुसला, मग व्हर्नियरचे जबडे पुसले, झिरो बघितला, आणि तीन ठिकाणी माप घेतलं. त्याला तिथंच घेतला.

पण पुढचं पण सांगतो नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. तो पोरगा आज माझा सगळ्यात चांगला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, आहे, आणि तरीपण कस्टमरचं ऑडिट आलं की मी त्याला पुढं करू शकत नाही. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्सची, म्हणजे माप किती इकडंतिकडं चालेल त्याची, चिन्हं असतात, तपासणीचा कंट्रोल प्लॅन भरायचा असतो, मेल लिहायची असते, तिथं तो गप्प होतो. बुद्धी कमी नाही हो त्याला, ते कोणी कधी शिकवलंच नाही. मी स्वतः दहावीनंतर लेथवर उभा राहिलो, मला ड्रॉइंग वाचायला शिकायला आठ वर्षं गेली जे डिप्लोमाला पहिल्या वर्षात शिकवतात. त्यामुळं शिक्षण नको म्हणणाऱ्यांतला मी नाही. तुमच्या भावाला हातानं काय करायला आवडतं ते आधी विचारा ना. तुम्ही एवढं लिहिलं त्यात तो कुठंच बोललेला दिसत नाही.

पॉलिटेक्निक_मॅडम
मी १९ वर्षं डिप्लोमाला शिकवतेय, म्हणून थोडं कामाचं सांगते.

बारावी सायन्स झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, हे गावाकडं बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. दोन वर्षांत डिप्लोमा हातात. सोलापूरला, लातूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथली वर्षाची फी तुमच्या दोन पोती सोयाबीनच्या पैशात बसते. डिप्लोमाला चांगले मार्क पडले तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एकूण एक वर्ष जास्त जातं खरं, पण दोन वर्षांनी थांबून विचार करायची संधी मिळते, नोकरी लागली तर नोकरी, नाहीतर पुढं शिक्षण. आणि माझा अनुभव सांगते, डिप्लोमा करून डिग्रीला गेलेली मुलं वर्कशॉपमध्ये घाबरत नाहीत.

अप्रेंटिसशिपचं पण बघा. २०१९ च्या नियमात डिप्लोमावाल्याला महिन्याला किमान ८ हजार आणि डिग्रीवाल्याला ९ हजार स्टायपेंड धरला होता. सुरुवातीच्या पायरीवर फरक त्यात हजार रुपयांचा, आणि त्या हजारासाठी काही घरं जमीन विकतात, हे बघून मला खरंच झोप लागत नाही.

तरीही खासगी डिग्री कॉलेजच घ्यायचं असेल तर आधी ह्या गोष्टी कराच. कॉलेजनं सांगितलेली फी आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी ताडून बघा, एफआरएच्या साईटवर कॉलेजवार दिसते, त्यावर एक रुपया जास्त द्यायचा नाही. ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर शिष्यवृत्ती मिळणार नाही. एनबीए, म्हणजे दर्जाची मान्यता, कॉलेजला आहे एवढ्यावर जाऊ नका, तुम्हाला हवी ती ब्रँच त्यात आहे का विचारा. गेटवर प्लेसमेंटचा बॅनर असतो त्यावर पन्नास फोटो असतात, पण पास किती झाले, त्यातले किती बसले आणि पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती पगार मिळाला हे लिहिलेलं नसतं, ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साध्या वर्किंग डेला न सांगता जा, दुपारी लॅब बघा, मग बाहेर चहाच्या टपरीवर लास्ट इयरच्या मुलांशी बोला, ती खोटं बोलत नाहीत. ओरिजिनल कागदपत्रं दाबून ठेवायचा अधिकार कुठल्याच कॉलेजला नाही हे पण ध्यानात असू द्या.

सातबारा_ताई
दादा, मी तलाठी आहे, म्हणजे आता आमचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात. खरेदीखत झालं की फेरफार माझ्याकडं येतो. फेरफारात कारण लिहायला जागा नसते, पण गावात सगळ्यांना ठाऊक असतं की हा तुकडा लग्नात गेला, हा दवाखान्यात गेला आणि हा पोराच्या कॉलेजात गेला. कॉलेजात गेलेला तुकडा परत घेतलेला माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत तरी मी अजून नोंदवलेला नाही. रस्त्याकडचे २० गुंठे आज गेले तर ते पुन्हा त्या भावात तुम्हाला ह्या जन्मात मिळणार नाहीत. जिरायतीला २० गुंठे हेच प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक बरोबर तेवढंच मागतंय.

पण म्हणून कॉलेज नको असं मी कधीच म्हणणार नाही. मी साताऱ्याला रयतच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात बीए केलं, कमवा आणि शिका योजनेत. कर्मवीर अण्णांनी १९४७ ला ते कॉलेज काढलं तेच मुळी आमच्यासारख्यांसाठी. सकाळी बागेत पाणी घालायचं, दुपारी लायब्ररीत पुस्तकं लावायची, आणि अनुदानित कॉलेज असल्यामुळं फीचा बोजा असा कधी आलाच नाही. माझ्या बीएचा नोकरीत थेट काय उपयोग झाला, तर तलाठी भरतीला पदवी लागते एवढाच, विषय कुठलाही चालतो. पण त्या तीन वर्षांचा दुसरा उपयोग मी सांगू? माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींची लग्नं बारावीनंतर त्याच उन्हाळ्यात झाली. माझं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, पोरगी कॉलेजात आहे, पेपर होऊ द्या. पुढच्या वर्षी पण तेच म्हणाले. त्या तीन वर्षांत मी मोठी झाले, भरतीचा फॉर्म स्वतः भरला. हे कुठल्या पॅकेजमध्ये मोजायचं ते मला कळत नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहिते. तुम्ही एवढं सगळं लिहिलं, त्यात बहिणीला एक ओळ दिलीत, तीही अर्धी. २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ॲडमिशन कॅपमधून लागते. तिच्या होस्टेलला, पुस्तकांना, येण्याजाण्याला पैसे लागतील. सगळं आत्ताच एकावर लावून मोकळे झालात तर तीन वर्षांनी तिला काय सांगणार?

फिटर_बार्शीकर
सगळ्यांचे आभार, दोन दिवस कामावर पण हेच डोक्यात होतं. ताई, तुमचं वाचून गप्पच बसलो. बहिणीचं खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रात्री तिला फोन केला आणि विचारलं दहावीनंतर काय करायचं, तर म्हणली तू पहिल्यांदा विचारलंस.

काल सुट्टी टाकून धाकट्याला घेऊन त्या कॉलेजात जाऊन आलो, मॅडमनी सांगितलं तसं, न सांगता. कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस पंचवीस मशीन, त्यातली निम्मी बंद, एकावर टॉवेल वाळत घातलेला. टपरीवर लास्ट इयरचा एक पोरगा भेटला, तो पण सोलापूरकडचाच निघाला, म्हणला दादा मी आता मागं जाऊ शकत नाय म्हणून पूर्ण करतोय.

येताना एसटीत धाकट्याला सरळ विचारलं तुला काय पाहिजे. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला, मग म्हणला, कॉम्प्युटर सगळे घेतात म्हणून लिहिलं, मला पंपाच्या मोटारीचं काम आवडतं. आता यात नवीन काय नव्हतं, गेली तीन वर्षं वस्तीवरच्या सगळ्यांचे स्टार्टर हाच दुरुस्त करतो, रिले जळला का कॉईल गेली हे नुसत्या वासावरनं सांगतो, रात्री अकराला लाईट आली की लोक याला उठवायला येतात. आम्ही कोणी त्याला शिक्षणात धरलंच नव्हतं ते.

मॅडम, डिप्लोमाला इलेक्ट्रिकल थेट दुसऱ्या वर्षाला मिळंल का? आणि महावितरणला त्याचा उपयोग होतो का?

पॉलिटेक्निक_मॅडम
मिळेल, बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साईटवर वेगळा फॉर्म असतो, तारीख चुकवू नका. सोलापूर आणि लातूर दोन्ही ऑप्शन टाका. महावितरणमध्ये इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्यांच्या जागा निघतात, नेहमी निघतात असं नाही. पण वासावरून कॉईल ओळखणारा मुलगा वर्गात आला तर मला शिकवायला आनंद होईल. त्याला सांगा, गणित सोडू नकोस, दुसऱ्या वर्षाला एकदम अंगावर येतं.

भोसरी_जॉबवर्क
सुट्टीत माझ्याकडं पाठवा महिनाभर. पॅनल वायरिंग करणारा माणूस आहे आमच्या शेजारच्या गाळ्यात, त्याच्या हाताखाली राहील, राहायची सोय मी करतो.

सातबारा_ताई
दादा, २ एकर ३० गुंठे म्हणजे तुम्ही अल्पभूधारकात बसता. भाऊ बाहेरगावी राहून शिकणार असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला तो दाखला लागतो. वडिलांच्या नावचा ताजा सातबारा आणि ८अ काढा आणि सेतूत अर्ज टाका. शनिवारी जाऊ नका, तहसील बंद असतं. आणि त्या गिऱ्हाइकाकडून इसार घेतला नाही ना अजून, तेवढं बाबांना आजच विचारा.

फिटर_बार्शीकर
विचारलं ताई. घेतला नव्हता.