सायकलच्या बॉटम ब्रॅकेटचा (पेडलांमधल्या बेअरिंगचा) स्पिंडल, म्हणजे आस, किती लांबीचा घ्यावा?

प्रश्न
तीन चेनरिंगांचा (पुढच्या दातेरी चक्रांचा) क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काढून मी एकाच चेनरिंगचा क्रँक बसवला आहे. चौकोनी टोकांचा स्पिंडल मात्र जुनाच, १२२.५ मिमीचा आहे. मागच्या सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवर (दातेरी चक्रावर) चेन कुरकुरते आणि पेडल उलटे फिरवले की खाली उतरते. शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती फ्रेममधली नळी) ६८ मिमी रुंद आणि मागच्या ड्रॉपआउटमधले (चाकाची आस बसते त्या खाचांमधले) अंतर १३५ मिमी आहे. किती आखूड स्पिंडल घ्यावा?

उत्तर १
आधी दोन्ही चेनलाइन मोजा, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून पुढे चेनरिंगपर्यंतचे आणि मागे कॅसेटच्या (स्प्रॉकेटांच्या संचाच्या) मध्यापर्यंतचे अंतर. पुढची मोजताना सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) पृष्ठभागापासून चेनरिंगच्या दाताच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यात ट्यूबचा निम्मा व्यास मिळवा. मात्र काही फ्रेममध्ये ट्यूब तळाशी चपटी केलेली असते, तेव्हा तिथला व्यास प्रत्यक्ष मोजूनच घ्यावा. मागची चेनलाइन म्हणजे १३५ चे निम्मे, ६७.५, वजा ड्रॉपआउटच्या आतल्या कडेपासून कॅसेटच्या मध्यापर्यंतचे अंतर. चेनरिंग आणि चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) यांच्यातली फटही कळवा.

प्रश्नकर्ता
पुढे ३५.२ अधिक १४.३, म्हणजे ४९.५ मिमी. मागे ६७.५ वजा २२, म्हणजे ४५.५ मिमी. फट ७ मिमी आहे.

उत्तर १
चेनरिंग ४ मिमी बाहेर आहे. स्पिंडल दोन्ही बाजूंना सारखाच कमी होत असल्यामुळे लांबीतल्या फरकाचा निम्माच भाग चेनलाइनला मिळतो; म्हणून ८ मिमी कमी, म्हणजे सुमारे ११४.५ मिमी हवा. ११५ घेतल्यास चेनलाइन ४५.७५ होईल आणि फट ३.२५ मिमी उरेल. ११३ मध्ये चेनलाइन ४४.७५ होते, पण फट २.२५ वर येते. जोर लावल्यावर फ्रेम आणि क्रँक किंचित वाकतात, त्यामुळे मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. ११५ च घ्या.

उत्तर २
हिशेब बरोबर आहे, पण जुना स्पिंडल उजवीकडे जास्त लांब असेल, तर निम्म्याचा नियम लागू पडत नाही, म्हणून काढल्यावर दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा. शिवाय टोकांचा प्रकार पाहा: जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) या दोन्ही मानकांचा उतार सारखाच असला, तरी आयएसओचे टोक बारीक असते. आयएसओ क्रँक जेआयएस स्पिंडलवर चढवला, तर तो सुमारे ४.५ मिमी बाहेरच अडकतो. तुमच्या चेनलाइनमधला फरक जवळजवळ तेवढाच आहे, त्यामुळे खरेदीपूर्वी हे तपासलेच पाहिजे.